रकाना

वर्षातून दोनदा येतो मी या बेटावर.
लाँच भरती पाहून सुटते.
पिशवीत पवित्र तेल, मिस्साचं पुस्तक, दोन जोड मोजे.
धक्क्यावर डॉन एलेउतेरियो उभे असतात,
हातात देवळाची वीतभर लांब किल्ली,
आणि चार पावलं मागे
ओर्फेलिना मिल्यातुरेओ,
माझ्यासाठी कोरडे बूट घेऊन.

एलेउतेरियो इथले फिस्काल.
चिलोएच्या या बेटांवर
पाद्री नसताना प्रार्थना सांगतो तो फिस्काल;
म्हणजे वर्षाचे तीनशे साठ दिवस तोच.
त्यांचे वडील फिस्काल होते, वडिलांचे मामाही.
देवळाला लोखंडी खिळा नाही एकसुद्धा,
लाकडानं लाकूड धरून ठेवलंय दोनशे वर्षं.
कुजलेली फळी बदलायला पुरुष छपरावर चढतात,
सणाला संताची मूर्ती खांद्यावर वाहतात,
आणि बुडालेला कोळी सापडला तर त्यालाही,
त्याच खांद्यावर.

बायका मूर्तीला फुशियाची फुलं वाहतात.
वेदीची वस्त्रं ओर्फेलिना धुते.
पहिलं पाणी मोरीत सोडत नाही,
बाहेर जाऊन मातीत ओतते, पावसातसुद्धा,
आधीच भिजलेल्या मातीत.
मी एकदा हसलो होतो.
तिनं वर पाहिलं नाही, बादली उलटी करून ठेवली.

परवा देवळातली नोंदवही ओली सापडली.
तिच्या स्वयंपाकघरात, चुलीवरच्या दांडीखाली,
शिंपल्यांच्या माळांशेजारी
मी एकेक पान उलटत वाळवत बसलो.
ऑगस्टचं पान आलं, इकडच्या ऐन हिवाळ्याचं.
मुलगी. नाव रोसामेल. आयुष्य दोन तास.
बाप्तिस्मा कोणी दिला, या रकान्यात
माझ्याच अक्षरात, वळणदार:
एलेउतेरियो नाहुएल्कीन, फिस्काल.

डॉन एलेउतेरियोंनी माझ्या बोटाखालची ओळ वाचली.
चष्मा काढला.
‘त्या रात्री मी कास्त्रोला होतो, फादर.
बटाटे विकायला.
वारा सुटला, चार दिवस होडी निघाली नाही.’

मी विचारलं, ‘मग?’
ते बोलले नाहीत. हनुवटीनं फक्त दाखवलं.
ओर्फेलिना पाठमोरी,
किसलेला बटाटा फडक्यात घालून पिळत होती,
दोन्ही हातांनी, सगळं अंग लावून.

‘तुम्ही जानेवारीत आलात, मला विचारलंत का?
रकाना दिसला, माझं नाव घातलंत.
आणि मी पाहत उभा होतो.
तुम्हाला निदान ठाऊक नव्हतं.’

चुलीत ओलं लाकूड चुरचुरलं.
सेमिनरीत आम्हाला परीक्षेला होता हा प्रश्न:
जीव जात असताना बाप्तिस्मा कोण देऊ शकतं?
उत्तर: कोणीही.
पैकीच्या पैकी गुण होते मला.

नोंद खोडता येत नाही, असा नियम आहे.
समासात लिहिता येतं.
मी पेन काढलं, शाई थंडीनं गोठलेली,
काखेत धरून ऊब दिली, आणि नाव लिहिलं.
समास अरुंद, मिल्यातुरेओ लांब;
शेवटची अक्षरं वळून खाली उतरली,
उतारावरून बाई उतरावी तशी, जपून.

‘आणखी काही लिहू?’
ती फडकं सोडत म्हणाली,
‘पाणी कोमट केलं होतं मी.
एवढंसं बाळ, म्हटलं दचकेल.
असं लिहायची जागा असते का?’

नव्हती.

एलेउतेरियोंनी किल्ली टेबलावर ठेवली,
तिच्या बाजूला, ओल्या किसाशेजारी.
काय म्हणायचं होतं त्यांना, मी विचारलं नाही;
पुन्हा एकदा विचारलं नाही.
तिनं कोपरानं ती सरकवली:
‘इथं नको, चिकट होईल. आणि बिशप काय म्हणतील?’
पण परतही दिली नाही.
हात धुतले, पुसले,
आणि दाराजवळच्या खुंटीवर टांगली,
माझे बूट वाळत होते त्याच्या वर.

भरती सहाला होती.